मोरजीच्या घरचा पाट

बाबा, तुमची ती अर्धवट मूर्ती आता नाही. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत ऐकाल.

यंदा आमच्या कलादालनात सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण होतं. मी तिथं लागले तेव्हा प्रशिक्षण म्हणजे एक किल्ल्यांचा जुडगा आणि "कोणाला हात लावू देऊ नको" एवढं एकच वाक्य. आता तसं चालत नाही. मुंबईहून एक बाई आल्या होत्या. वस्तू कशी उचलायची, हवेतला दमटपणा कसा मोजायचा, बघायला आलेल्यांवर खेकसायचं कसं नाही, सगळं पहिल्यापासून. मूर्तीला तडा गेला तर बुजवायचा नाही, तडाही सांभाळायचा. आणि हातमोजे. आम्ही सगळे पन्नाशीला टेकलेले, पांढरे मोजे घालून मेजाभोवती बसलेले, वरात यायची वाट बघणाऱ्या बँडवाल्यांसारखे. कोरडे हात, स्वच्छ हात, असं बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि मला हसू यायचं.

कारण सर्वणला, आपल्या घरी, तुमच्या गणपतीच्या शाळेत मी पहिला ओरडा खाल्ला तो कोरड्या हातांवरूनच. श्रावण लागलेला आहे. पडवीत पाट मांडलेत, ज्याच्या त्याच्या घरून आलेले, पाठीमागे खडूने गावाचं नाव, आणि ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती वाढतोय. मी सोंडेसाठी केलेली वळी उचलते आणि ती मधेच तुटते. "सुक्या हातान माती धरू नाका गो! सुको हात माती ओडटा!" तुम्ही असे ओरडता की मागीलदारची कोंबडी उडते. मग थोड्या वेळाने एक चेपलेली वाटी पाणी भरून माझ्यापुढे सरकवता. "ही तुजी." ती वाटी अजून आहे. आई तिच्यात कोकम भिजत घालते.

माझी नोकरी बघायला तुम्ही एकदाच आलात. दारात चपला काढल्यात, आमचा शिपाई नको नको म्हणत असताना. सगळी दालनं फिरलात, एकाही चित्राखालची पाटी वाचली नाहीत, आणि जिन्याशी येऊन विचारलंत, "हीं सगळीं हांगाच रावतलीं?" मी म्हटलं, हो, कायमची. "मगे नवीं खंय बसतलीं?" नव्यांनी बसायचं कुठे, ते प्रशिक्षणातही कोणी सांगितलं नाही म्हणा.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या गावची एक वस्तू निवडायची होती. तिची माहिती काढायची, मालकाची परवानगी घ्यायची आणि दालनात मांडायची. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की जन्मभर गणपती केलेल्या माणसाचं एकही काम जगात उरलेलं नाही. सगळे पाण्यात गेले, आणि जायलाच केले होते. उरला तो एक, तुम्ही श्रावणात अचानक गेलात तेव्हा पाटावर राहिलेला. पोट झालेलं, सोंड झालेली, डावे हात नाहीत, रंग नाही. बाकीचे काकांनी पुरे करून दिले. हा मोरजी गावातल्या एका घरचा होता, आणि तिथले आजोबाच म्हणाले होते, ज्याचा हात लागलाय त्याचाच असू दे, दुसऱ्याचा नको. त्यांनी त्या वर्षी दुसरीकडून मूर्ती घेतली. हा आमच्या खोलीत खिडकीखाली बसून राहिला.

बाईंना तो फोटोतच आवडला. अर्धवट आहे म्हणून तर जास्तच. दारासमोरची काचेची पेटी त्यालाच, असं त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं. आणि मलाही हवा होता तो तिथं, बाबा. फार हवा होता. रोज सकाळी कुलूप उघडलं की तुमचं काम समोर, यापेक्षा मला नोकरीत काही नको होतं.

आईला सांगितलं तर ती खोबरं किसत होती. म्हणाली, "मूर्त तुज्या बापायची. पाट खंय तुज्या बापायचो?" शिवी नव्हती, खरंच विचारत होती.

म्हणून मोरजीला गेले. आता त्या घराच्या अर्ध्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या आहेत. आजोबा कधीच गेले. त्यांची सून केस पिकलेली, तिने चहा केला, पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव पुढे ठेवले, मी विषय काढला आणि ती बशीकडेच बघत म्हणाली, "आमचो गणपती दर चवथीक विकतच्या पाटार बसता गो. मांव मरसर म्हणत रावलो, आमचो पाट सर्वणा उरलो." सासरा मरेपर्यंत तेच म्हणत राहिला. मी म्हटलं, मग मागितला का नाहीत? ती म्हणाली, "लज दिसली. पाट दी म्हणप म्हणल्यार तुज्या बापायची मूर्त मोड म्हणप न्हय?"

घ्या! पाट मागायचा म्हणजे तुमची मूर्ती मोडा म्हणायचं, म्हणून इतकी वर्षं ती माणसं आपल्या देवाला परक्या पाटावर बसवत होती, तुमचा मान राखायला.

बाईंना हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग अगदी हुबेहूब दुसरा पाट करून देऊ ना त्यांना, चांगल्या लाकडाचा, कलादालनाच्या खर्चाने. बाई वाईट नाहीत. पण ज्या पाटावर पणजोबांपासून गणपती बसला तो पाट हुबेहूब कसा करायचा, ते कुठल्या सुताराला विचारणार? मूर्ती तेवढी सोडवून घ्यायचंही बघितलं. सुकलेली माती लाकडाला घट्ट धरून होती, ओढली असती तर तुकडेच पडले असते. वस्तू कोणाची ते आधी विचारा, हे बाईंनीच शिकवलेलं. मी विचारलं. उत्तर आम्हांला दोघींनाही आवडलं नाही, एवढंच.

चवथीआधी पाट, मोरजीची मूर्ती आता होते त्या नव्या शाळेत पोचायला हवा होता. मोरजीची सून आली, तिचा मुलगा तुये गावच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आला. त्याने आणि मी मूर्ती मागच्या ओढ्याला, आपल्या व्हाळावर, नेली. पूजा झालेली नव्हती, म्हणून आरती नाही, काही नाही. तरी तिने नारळ आणलाच होता. इतक्या वर्षांची सुकी माती, ती आधी नुसतं पाणी पीत राहिली, बुडबुडे काढत. मग पाय गेले. मी हात आधी व्हाळात भिजवले, आणि मग चोळायला लागले. पोटापर्यंत ठीक होतं. सोंडेशी माझे हात थांबले, तेव्हा मोरजीची सून पाण्यात उतरली, लुगड्यासकट, आणि बाकीचं तिने केलं. मी पलीकडच्या बांबूंकडे बघत होते. पाट मोकळा झाल्यावर तिने तो पदराने पुसला. "बरें केलें गो," म्हणाली, आणि मुलगा गाडीत मागे ठेवू म्हणत असताना मांडीवरच घेऊन बसली.

दारासमोरच्या पेटीत आता कोणाची तरी पितळी समई आहे. छान आहे. मला प्रशिक्षणाचा कागदही मिळाला.

व्हाळावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्याने लागलेल्यांना हातमोजे कसे घालायचे ते दाखवायची पाळी माझी होती. हात धुवा, पुसा, अगदी कोरडे करा, असं मी बाईंच्याच आवाजात सांगत होते. आणि माझ्या मोज्यांच्या आत, नखांत, व्हाळावरची माती होती. राहिली नव्हती, मी ठेवली होती.

घरी पत्र आलं की तुम्ही हातातली माती न सोडता म्हणायचात, "वाच गो." हे पत्र कुठं धाडायचं नाही. पण तुम्ही असतात तर हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि नखांतल्या मातीची ओळ मी गाळली असती.