चौथी लाल फुली

प्रिय ताई,

नमस्कार. जीजाजींनाही (माझ्याकडून, बाबांचा नमस्कार मी आपल्या मनानं पाठवू शकत नाही). आम्ही ठीक आहो असं लिहायचं असते, म्हणून ठीक. व्हाट्सअॅपवर तू निळी टिक करून चूप बसते, म्हणून हे कागदावर.

तर मी कादंबरी लिहून राहिलो होतो. कागदावर नाही, अॅपमध्ये: बटण दाबलं की पुढचं वाक्य. (हसू नको, तू पुण्यात हसली तरी इथं रांझीत ऐकू येते.) त्यासाठी फ्लटर नावाचं अॅप बनवायचं साधन शिकायला घेतलं: एकदाच लिहा, अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हीवर चालवा. त्यात 'डॉक्टर' नावाची एक कमांड असते, ती आपला लॅपटॉप तपासते. तिनं चार लाल फुल्या मारल्या. मार्चमध्ये बाबांना लकवा आला तेव्हा नेपियर टाउनच्या डॉक्टरनंही एवढं वाईट तोंड केलं नव्हतं. (तुला कळवू नको, बाबा म्हणाले होते. मी कळवलं. तू म्हणाली, ते बोलावतील तरच येईन. चलो, दोघं एकाच मातीचे.) आठ दिवसांत तीन फुल्या गेल्या आणि एक अॅप चाललं. माझं नाही. फ्लटर सुरुवातीला स्वतःच एक नमुना देते: मधे शून्य, खाली अधिकचं गोल बटण. दाबलं की एक, मंग दोन. कथानक समाप्त.

माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ते बाबांच्या फोनवर टाकलं. तीस वर्षं फॅक्टरीत माल तपासणारा माणूस. त्यांनी चष्मा लावला, उजवा अंगठा (तोच, जो चमचाही धरत नाही) डाव्या हातानं उचलून बटणावर ठेवला. एक. पुष्कळ वेळानं, दोन.

"काहून रे, पुढं काय होते याचं?"

"काही नाही बाबा, आकडा वाढते."

"अच्छा. मंग ठीक आहे."

आता रोज सकाळी हेच. परवा अंगठा आपला आपण उचलला गेला, एकोणनव्वदवर. आई देवघरात जाऊन रडली, मी लॅपटॉपमागं.

काल पोहे खाताना, माझ्याकडं न पाहता, म्हणाले, "हे तिच्या फोनवर चालते काय?" तिच्या, ताई. तुझ्या कोर्टातल्या लग्नानंतर दोन वर्षं या घरात 'ती' म्हणजे फक्त मांजर होती. मी म्हटलं, चालते. "मंग पाठव ना." इथं आडवी आली चौथी फुली: आयफोनसाठी बनवायला अॅपलचाच लॅपटॉप लागते, आणि आपल्यात तो फक्त तुझ्याकडं. सांगितलं तर डाव्या हातानं उरलेले पोहे संपवले. मंग म्हणाले, "तिला म्हण, घेऊन ये. लॅपटॉप."

तुझा,
वेदांग

ता. क. अॅप बंद केलं की आकडा पुन्हा शून्य होते. तो साठवून ठेवणं मला अजून येत नाही. म्हणून बाबा फोन बंदच करू देत नाहीत. आज दोनशे सहा. इथं बत्ती कधीही जाते, लवकर ये.

पुन्हा ता. क. असा लॅपटॉप इंटरनेटवर तासाच्या भाड्यानंही मिळते. मी बाबांना सांगितलं नाही. त्यांच्या फोनमध्ये मात्र कालपासून हेच शोधलेलं दिसते, आणि त्यांनी मला सांगितलं नाही.