अमिताचा लॅपटॉप मी दुरुस्त करून राहिलो

सोमवार, ३ नोव्हेंबर
सूनबाई अमिताचा लॅपटॉप फार मंद झाला आहे. शनिवारी अकराला तिची ऑनलाइन मुलाखत. मुलांना घरबसल्या गणित शिकवायची नोकरी. मिळाली तर सगळे इथेच पांढुर्ण्यात. नाही मिळाली तर गजेंद्र नागपूरची बदली घेणार आणि दोघं तिकडे बिऱ्हाड करणार. मग या घरात मी, बायको कलाबाई आणि संत्र्यांचे क्रेट.
लॅपटॉपची जबाबदारी मी घेतली. गजेंद्र म्हणाला, बाबा, दुकानात द्या. मी म्हटलं, जन्मभर पोरांना मराठी शिकवली, एक मशीन नाही शिकवता येणार?

मंगळवार, ४
बसने सौंसरला. माझा जुना विद्यार्थी सुधाकर, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. पेनड्राइव्हवर विंडोज भरून दिलं. म्हणाला, सर, लॅपटॉपच आणा, दुपारपर्यंत करून देतो. नको म्हटलं. पुढे तो रीस्टार्टविषयी काही सांगून राहिला होता, पण त्याला पाहून मला त्यांच्या वर्गाची पाखराची कविता आठवली. पूर्ण म्हटली. तोवर गिऱ्हाईक आलं.
परतीच्या बसमध्ये सुचलं:
बोटभर काडी खिशात बसली,
विंडोजची स्वारी तीत कशी मावली?
तिसरी ओळ उद्या.

बुधवार, ५. सकाळ
मागच्या खोलीत बसलो. आतून कडी. एकाग्रता हवी.
काळ्या पडद्यावर इंग्रजीत विनंती: पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा. आजकाल इतकं नम्रपणे कोण विचारतं? लगेच दाबली.
भाषा विचारली. मराठी यादीत नाही. खालून वर पुन्हा पाहिलं. नाही. इंग्रजीवर भागवलं. मग डिस्कचे कप्पे दाखवले. पाटी कोरी असली की अक्षर सुरेख येतं. सगळे पुसले.

दुपार
अमिताने दाराबाहेरून विचारलं, मामाजी, झालं का? होऊन राहिलं, म्हटलं.
आणि तेव्हाच आठवलं. मुलाखतीत दाखवायचे तिचे धडे त्यातल्याच एका कप्प्यात होते.
सांगणार आहे. योग्य वेळी.

गुरुवार, ६
फाइली शंभर टक्के चढल्या. मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं. पुन्हा तीच विनंती. दाबली. पुन्हा भाषा, पुन्हा कप्पे, पुन्हा शून्य टक्के.
आधी घाबरलो. मग उमगलं, हे पाठांतर आहे! एकदा म्हणून कोणत्या पोराला कविता पाठ झाली आहे? मशीन ढ आहे, पण चिकाटीचं आहे. असल्या पोरांवर माझा फार जीव.

संध्याकाळ
उजळणी चालू. जेवायला गेलो नाही. गेलो तर अमिता समोर बसणार, आणि धड्यांचं विचारणार. कलाबाई दाराशी येऊन म्हणाली, "अहो, जेवाले या. मशीन काही पळून नाही जात."
मशीन नाही, मी पळून राहिलो आहे, हे तिला कसं सांगू? संत्री खाल्ली. आंबट.

शुक्रवार, ७
उजळणी. उजळणी. शंभर टक्के, मग शून्य.
गजेंद्र बाहेर फोनवर कुणाला तरी सांगून राहिला होता की बदलीचं उत्तर सोमवारी देतो. या खोलीच्या खिडकीला गज आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
तिसरी ओळ सुचली नाही.
निश्चय: उद्या मुलाखतीआधी अमिताला सगळं सांगायचं. तिने सुधाकरलाच शिव्या दिल्या तर मध्ये पडायचं नाही.

शनिवार, ८. साडेदहा
शेवटची उजळणी लावून सांगायला निघालो. दार उघडेना. बाहेरून कडी.
ठोठावलं. कलाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा ना जरासं." मी दोनदा म्हटलं, अगं, धडे पुसले गेले! ती निघून गेली.

अकरा
लॅपटॉप माझ्यापुढे आहे. आणि अमिता तिकडे कुणाशी तरी इंग्रजीत बोलून राहिली आहे. मध्येच हसली.

दुपार
कलाबाईने दार उघडलं आणि माझ्या तोंडात पेढा घातला. नोकरी मिळाली. बदली रद्द. घर इथेच.
मैत्रीण सोनालीचा लॅपटॉप अमिताने मंगळवारीच आणून ठेवला होता. आणि धडे? ती म्हणाली, "मामाजी, तुमी ती काडी घेऊन आले ना, त्याच संध्याकाळी मी सगळं काढून घेतलं."
मला कुणी सांगितलं काऊन नाही? गजेंद्र म्हणाला, बाबा, तुमचं मन लागून राहिलं होतं. आणि कडी? कलाबाई म्हणाली, मुलाखतीत मध्येच येऊन कविता म्हटली असती तुमी.
म्हटली असती. चांगलीच म्हटली असती.
पेढा खाऊन परत आलो तर पडद्यावर नव्या विंडोजचं निळं चित्र. कळ दाबायला मी नव्हतो, म्हणून मशीन आपलं आपण पुढे निघून गेलं होतं. पाठांतर पक्कं झालं असणार.

रविवार, ९
अमिता चहा घेऊन आली. म्हणाली, कंपनी नवा लॅपटॉप देणार, हा तुम्हीच ठेवा. मग चहाच्या कपाकडे पाहत म्हणाली, "मामाजी, उद्यापासून रोज चार ते सहा माझे वर्ग. तेवढा वेळ तुमी मागच्या खोलीतच बसान का?"
बसीन म्हटलं. ती खाली पाहत उभीच राहिली. मग मीच म्हटलं, बाहेरून कडी लावत जा बेटा, माझा भरवसा नाही.
तिला फार बरं वाटलं.