दादाचं विमान, माझ्या देखरेखीखाली

१ सप्टेंबर, सकाळी ७.३०
संकल्प. महिनाअखेरीस दादा येतोय, पंचाहत्तरी पूर्ण करून. त्याला वर-खाली दोन पंखांचं जुन्या धाटणीचं विमान भेट द्यायचं. नऊ वर्षांची असताना मी त्याच्या अशाच विमानावर बसले होते. आगकाड्या, पातळ कागद आणि त्याची अख्खी सुट्टी. तो ओरडलासुद्धा नाही. ओरडला असता तर माझं तेव्हाच फिटलं असतं.
एक नाही, चार विमानं करणार. गटाने. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड डेंटिस्ट (नाजूक हात), समोरच्या टेलरबाई (तीक्ष्ण नजर), माझ्या नणंदबाई (घरातच असतात) आणि मी. माझ्याकडे संकल्पना आणि देखरेख.

४ सप्टेंबर
चार खोकी आली, चार वेगळ्या जातींच्या विमानांची. आत प्लॅस्टिकच्या फ्रेमा, त्यांना शेकडो तुकडे लटकलेले. केवढा पसारा! शाळेत सिस्टर म्हणायच्या, नीटनेटकेपणा म्हणजे अर्धी प्रार्थना. मंडळींचा वेळ वाचावा म्हणून सगळे तुकडे कात्रीने सुटे केले आणि बरण्यांत भरले. लहान, मध्यम, मोठे आणि गोंडस. फ्रेमा कचऱ्यात.

६ सप्टेंबर, शनिवार
डॉक्टरांकडे पहिली बैठक. तुकड्यांचे नंबर तुकड्यांवर नसतात म्हणे, फ्रेमवर असतात. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला नको? डॉक्टर बरण्यांकडे बघत म्हणाले की चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतके दात एकदम सुटे झालेले पाहिले नव्हते. वन्सं म्हणाल्या, वहिनी, बरण्या मात्र छान लखलखताहेत हो.
चारऐवजी दोन विमानं करायचं ठरलं.

१३ सप्टेंबर, शनिवार
विमानातला इवलासा प्लॅस्टिकचा वैमानिक माझ्या चष्म्याच्या काडीला चिकटला. डॉक्टरांनी काढला, भूल न देता.
आता एकच विमान. दादाला हात दोनच, चार विमानं धरणार कशात? मला नवं काम मिळालं: विमानाखाली ठेवायची पाटी सुवाच्य अक्षरात लिहायची. हे दुसऱ्या कुणालाच जमणार नाही, असं तिघं एका सुरात म्हणाले. अगदी ठरवून बोलावं तसं. गटात एकोपा निर्माण झालाय, त्याचं श्रेय मी घेणार नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
वन्सं गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या. डेंटिस्टकडे गुडघा? असेल. या वयात सगळंच एकमेकांना जोडलेलं असतं. टेलरबाईही दुकान बंद करून तिकडेच गेल्या. त्यांचाही गुडघा असावा.

२० सप्टेंबर, शनिवार
अद्भुत! गेल्या शनिवारी नुसतं धड होतं, आज दोन्ही पंख, चाकं, शेपूट. गोंद वाळताना बरंचसं काम आपोआप होत असावं. बाकी देखरेखीचा परिणाम.
पाटी अजून व्हायची आहे. पेनची निब बरोबर नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
विमान आमच्या घरी आणलं. दोन पंखांमधले तारांसारखे दोरे तेवढे राहिलेत. ते सोमवारी संध्याकाळी टेलरबाई बांधणार. सैलसर बांधावे लागतात, तुम्ही हात लावू नका, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग वन्संनाही सांगितलं, माझ्यासमोरच. ऐकायला कमी येत असेल बिचाऱ्या टेलरबाईंना, म्हणून सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतील.
सगळे गेल्यावर विमान तळहातावर धरून खिडकीत उभी राहिले. दादा असंच धरायचा, एक डोळा मिटून. किती वेळ गेला कळलंच नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार, दुपारी ३
दादासाठी एक तरी गोष्ट माझ्या हातची हवी. नाहीतर माफी कसली? टेलरबाईंनाही तेवढाच आराम. शिवणाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, दोरा घट्ट ओढा मुलींनो, सैल टाका म्हणजे सैल मन.

३.४०
आठ दोरे झाले. इतके ताठ, की बोट लावलं तर वाजतात.

४.०५
नववा ओढला. वरचा पंख खालच्याला भेटायला आला.

४.१०
शेपूटही वळलं.

५.००
वन्सं बघून मटकन खुर्चीत बसल्या. मी विचारलं, गुडघा दुखतोय का? म्हणाल्या, नाही वहिनी, आता दात.

३० सप्टेंबर, दुपार
विमान रुमालाखाली झाकलं होतं. उद्या दाखवू म्हणणार होते. दादाने चहा यायच्या आत रुमाल उचलला. विमान उचलून चारी बाजूंनी पाहिलं. डॉक्टर, टेलरबाई, वन्सं, सगळे भिंतीकडे बघत होते. मी पाटी पुढे केली. ती कोरीच होती.
मग दादाने एक डोळा मिटला आणि म्हणाला, हुबेहूब! काय हुबेहूब, मी विचारलं. म्हणाला, अगं, तू बसून उठलीस ना, तेव्हा अगदी अस्संच होतं. शेपूटसुद्धा डावीकडेच वळलेलं. कसं लक्षात ठेवलंस गं सगळं? आणि हसत सुटला, डोळे पुसण्यापर्यंत. भिंतीकडे बघणारेही हसले. टेलरबाई सर्वांत जोरात.
म्हणजे प्रतिकृती अचूक उतरली.
दादाने विमान सोफ्यावर आपल्या शेजारी ठेवलं. मी बसायला गेले, तर म्हणाला, तू तिकडे, समोरच्या खुर्चीत. माझ्या नजरेसमोर.
देखरेख त्याने स्वतःकडे घेतली.