चढायचा सराव

तीर्थरूप आईस,

धाकटीचा दुरूनच नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, तेव्हा काळजी करू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? पोरगी डोंगरावर धावणार आहे, असं बाबा अजून सगळ्यांना सांगत फिरतात का?

इथे डोंगर सोड, साधा उंचवटाही नाही. म्हणून मी ऑफिसच्या इमारतीचा जिना धरला. तळापासून गच्चीपर्यंत धावत चढायचं आणि लिफ्टने खाली यायचं. उतरताना गुडघे जातात, असं तूच फोनवर बजावलं होतंस आणि मी कधी नव्हे ते तुझं ऐकलं. मी पुन्हा पुन्हा लिफ्टमधून बाहेर पडायचे, तेव्हा जिना झाडणाऱ्या मावशी विचारायच्या, "काही विसरलात का बाई?"

गेल्या रविवारी आम्हा स्पर्धकांना शर्यतीचा डोंगर दाखवायला बसने नेलं. चढले मी सगळ्यांच्या पुढे. वर पोचून खाली पाहिलं आणि पाऊलच उचलेना. पायाखालची खडी सरकत होती. शेवटी बसून घसरत खाली आले. पँट मागून फाटली होती, ती शिवली. हात थोडे खरचटलेत, फार लागलं नाही.

शर्यत येत्या रविवारी आहे. बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

आता मी लिफ्टकडे बघतही नाही, रोज जिना धावत उतरते. पण आई, कठड्यावरचा हात काही सुटत नाही.

तुझीच,
भित्री धाकटी