आईचा तेरावा महिना

आई, आज तुझ्यावर चिडायला बसले आहे. भावांवर चिडून झालं. ते तिघंही आता राहिले नाहीत, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात म्हणून मी त्यांचं नाव काढत नाही. तू तर त्यांच्याही आधी गेलीस, तरी तुझ्यावरचा राग काही जात नाही. सुना म्हणतात, तुम्हाला इतक्या जुन्या गोष्टी कशा आठवतात. आठवतात कसल्या, त्या डोक्यातून हलतच नाहीत.

आबा गेले आणि वर्षाच्या आत तिघं भाऊ वेगळे झाले. शिरूरजवळच्या आपल्या त्या गावात एकाच आळीत तीन चुली पेटल्या. जमिनीच्या वाटण्या झाल्या, बैल वाटले, तांब्या-पितळेची भांडी वाटली, आणि सगळं वाटून झाल्यावर तू उरलीस. मग पंचांनी तुझीही वाटणी केली, महिन्यांनी. चैत्र थोरल्याचा, वैशाख मधल्याचा, ज्येष्ठ धाकट्याचा, आषाढ पुन्हा थोरल्याचा. अमावास्या झाली की तू गाठोडं आणि पाण्याचा तांब्या उचलायचीस आणि एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचीस. विहिरीजवळचा दीड एकराचा तुकडा तुझ्या पोटासाठी म्हणून तुझ्या नावावर ठेवला होता. तो कसायचा थोरला, पीक वाटून घ्यायचे तिघं, आणि तू असेपर्यंतच तो तुझा, पुढे त्यांचाच, असं सगळे धरून चालले होते. मी माहेरी आले की तू मला हसून सांगायचीस, "मला तीन घरं हायती बाई. राणीला तरी आसत्यात का?" मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येतो तसाच तो आला, पण वाटणी करताना त्याची आठवण एकाही शहाण्याला झाली नव्हती. बारा महिने तिघांत नीट बसत होते, हा तेरावा कुणाचा? आषाढ सरला तसं थोरल्यानं तुझं गाठोडं मधल्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मधला म्हणाला, माझा श्रावण खरा, पण हा श्रावण नव्हंच, हा धोंडा हाय, खरा श्रावण लागला की आणा. धाकटा सातवी शिकलेला, सोसायटीत कारकून. त्यानं पंचांग उघडून मधल्याचंच खरं असल्याचं सांगितलं आणि आपण नामानिराळा झाला. पाऊस ओढ देऊन बसला होता. थोरली वहिनी तुझ्या तोंडावर म्हणाली, "दुष्काळात तेरावा महिना." तू दिवसभर ओट्यावर बसून होतीस. शेवटी थोरल्यालाच युक्ती सुचली. "धोंडा म्हंजी जावयाचा महिना. जावयाला वाण द्यायचं आसतंय. आईलाच दौंडला धाडू."

म्हणजे लोकांच्या जावयांना धोंड्यात अनारसे मिळतात, धोतरजोडी मिळते, आणि माझ्या नवऱ्याला सासू मिळाली. आमची रेल्वेची दीड खोली, हे इंजिनाच्या शेडमध्ये कामाला, खिडकीत हात ठेवला तरी काळा व्हायचा. संध्याकाळी दारात पाहते तर तू उभी, एकटी. एस.टी.त बसवून देऊन धाकटा परत गेला होता. शेजारीण डोकावून गेली आणि जाता जाता आपल्या नवऱ्याला म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." मी त्या रात्री भावांचा जो उद्धार केला, तो तू भिंतीकडे तोंड करून ऐकलास. मधेच एकदा म्हणालीस, "पोरं वंगाळ न्हाईत गं. महिनाच तसला हाय."

तुला लेकीच्या घरचं फुकट खायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून तू गहू निवडलेस, डबे घासलेस, माझ्या पोरांच्या फाटक्या चड्ड्या शिवल्यास, आणि त्यातूनही तुझी टोचणी जाईना. जावयाला धोंड्याचं काही द्यायला हवं, हे तुझ्या डोक्यात बसलं होतं. हातात तर काही नव्हतं. मग तू माझ्याच डब्यातले तांदूळ भिजत घातलेस. तीन दिवस रोज पाणी बदलत होतीस, मग ते फडक्यावर सुकवलेस, कुटलेस, माझ्याच गुळात मळलेस. तू पाटावर बसली आहेस, मांडी घालून, पदर खोचून, खसखशीवर अनारसा थापतेस आणि मला दटावतेस, "उलथू नगंस, एकाच अंगानं तळायचा आसतोय, येवढंबी शिकवलं न्हाई व्हय मी तुला?" मी चाळिशीकडे झुकलेली बाई, आणि स्टोव्हपुढे बोलणी खाऊन इतकी खूश होते की तुला काय सांगू. ताटात अनारसे मांडून, मधोमध दिवा लावून तू ते यांच्यापुढे ठेवलंस. थेट बोलायची नाहीस म्हणून मला म्हणालीस, "पाव्हण्यांना म्हणावं, गोड मानून घ्या." हे कधी न बोलणारे गृहस्थ. पण पाटावरून उठले, टोपी घातली, तुला वाकून नमस्कार केला आणि मगच ताटाला हात लावला. तांदूळ त्यांच्याच पगाराचे होते हे त्यांना ठाऊक होतं, तुलाही ठाऊक होतं.

महिना संपत आला तेव्हा गावात तलाठ्यानं काडी लावली. सरकारचा नवा कायदा झाला होता. बाईच्या नावावर पोटगीची जमीन असेल तर ती आता बाईच्या पुऱ्या मालकीची, ती हवी त्याला देऊ शकते. हवी त्याला म्हटल्यावर तिघांच्याही डोळ्यांपुढे दौंड आलं असणार. अमावास्येची वाटसुद्धा न पाहता तिघं एकदम आमच्या दारात हजर झाले, तिघांच्या बगलेत तुझ्यासाठी एकेक नवं लुगडं. ज्यांना एक महिना जड झाला होता, ते आता बारा महिने तुला सांभाळायला निघाले होते.

"चल आई, आवर," थोरला म्हणाला.

मधला म्हणाला, "श्रावण माजाच हाय. मी कवा न्हाई म्हनलो?"

धाकट्याला तर तुझ्या काळजीनं झोप लागत नव्हती म्हणे.

मी म्हणाले, "दादा, जमिनीसाठी आलाय, तर तसं तोंडानं सांगा."

थोरला माझ्याकडे पाहीना. हे मधे पडले. एवढंच म्हणाले, "मामींना ऱ्हायचं आसंल तर ऱ्हाऊ द्या. मला काय अडचण न्हाई."

"तुमाला का आसंल अडचण, पाव्हणं?" थोरला म्हणाला. "विहिरीखालचं दीड एकर हाय."

यांनी डबा उचलला आणि ड्युटीची वेळ झाली नव्हती तरी निघून गेले. मी तुझ्याकडे बघत होते. तुझ्या एका शब्दाचं काम होतं. "मी हितंच ऱ्हाते," एवढं म्हणाली असतीस तर कुणाची छाती होती तुला उचलून न्यायची? दीड एकर मला नको होतं, त्यांच्या तोंडावर फेकलं असतं. मला तू हवी होतीस. आणि तू काय केलंस, तर उठलीस, दोरीवरचं लुगडं काढलंस, घडी घातलीस आणि विचारलंस, "एष्टी कवाची हाय?"

मागच्या दारी मी तुला गाठलं, का जातेस म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "माझ्यापायी पाव्हण्यांना बोल लागला. आन् लेकीच्या दारातनं माझी तिरडी निघाली, तर लोक त्या तिघांच्या तोंडात शेण घालतील." म्हणजे जावयाची अब्रू राखायची, लेकांची अब्रू राखायची. लेकीच्या मनाचं काय, हे तुला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. मी तेव्हाही तुला हेच म्हणाले होते, आणि तू माझ्या गालावरून हात फिरवून गेलीस. असला हात फिरवण्याचा मला फार राग येतो.

पुढे तालुक्याला, घोडनदीच्या कचेरीत जाऊन तू अंगठा दिलास, तुकडा तिघांना सारखा लिहून दिलास. "आता भांडायला काय उरलं न्हाई," असं म्हणालीस म्हणे. ते पुढच्याच उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावरून भांडले. तुझ्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मी आपली गप्प राहिले. गप्प राहिले त्याला कारण होतं. मला माहीत होतं, तीन वर्षांनी पुन्हा धोंडा आहे. त्यांना पुन्हा तो महिना जड होणार आणि ते पुन्हा तुला माझ्याकडे ढकलणार. या वेळी तुझ्याकडे जमीन नाही, म्हणजे न्यायलाही कुणी यायचं नाही. मी खिडकीजवळ तुझ्यासाठी बाज आणून टाकली. पोरांना सांगून ठेवलं की आजी येणार.

धोंडा लागला, मेची उन्हं, आणि तू येईनास. शेवटी मीच एस.टी.नं आले. तू धाकट्याच्या पडवीत शेवया वळत बसली होतीस. मी म्हणाले, "आई, धोंडा लागलाय. चल." तू धाकट्याकडे पाहिलंस. तो ऐटीत म्हणाला, "आक्का, मे माझा हाय." मला काही कळेना, तेव्हा त्यानंच समजावून सांगितलं. दर तीन वर्षांनी कटकट नको म्हणून त्यानं तुझ्या पाळ्या इंग्रजी महिन्यांवर नेल्या होत्या. जानेवारी थोरल्याचा, फेब्रुवारी त्यानं स्वतःकडे घेतलेला, मार्च मधल्याचा. कसली कटकटच उरली नाही, म्हणाला. त्याची बायको मागून बोलली की कुरडयांचं काम पडलंय, आत्ताच कशा जातील सासूबाई.

"तू बोल ना," मी तुला म्हणाले. "तुला यायचंय ना?"

तुझे हात शेवया वळतच होते. म्हणालीस, "आता मोकळा महिना कुठं हाय गं?"

मी पाणीसुद्धा न पिता परत फिरले. त्यानंतर तू दोन वर्षं होतीस. मी सणावारी येऊन तुला पाहून जायची, पण तू पुन्हा दौंडला आली नाहीस. तुला मूठमाती द्यायला आले, तेव्हा थोरल्याच्या दारापुढे माणसं जमली होती आणि लेकांनी शेवटपर्यंत केलं असं जो तो म्हणत होता. तुला जे हवं होतं ते तुला मिळालं. मी मात्र कोपऱ्यात बसून तुझ्यावर चिडले होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

हे कागद मी कुठं धाडणार? तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे धाकट्यानंच वाचून दाखवलं असतं, आणि त्याला नको ते गाळलं असतं. तेव्हा हे माझ्याकडेच राहू दे. पण एक गोष्ट राहिली आहे. तुला आमच्या दारात सोडलं म्हणून मी त्या रात्री तिघांना तोंडाला येईल ते बोलले, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, तुला वाईट वाटत असणार. मला वाईट वाटत नव्हतं, आई. मी नुसती तोंडानं ओरडत होते. आत इतका आनंद झाला होता की तो लपवायलाच आवाज चढवत होते. तू कुणालाच नको होतीस, म्हणून मला मिळाली होतीस.