तीन बोटांची एकोणीस वर्षे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय व्हायोलिनवादन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असे इथे लिहावे लागते, असे वकीलबाई म्हणाल्या. लिहिते. बऱ्याच वर्षांत मी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल ते पहिल्यांदाच खरे आहे.

१. राहते घर. चौथ्या मजल्यावरचे हे घर पतीने आणि मी मिळून घेतले. माझा अर्धा हिस्सा त्यांना द्यावा. अट एकच. स्वयंपाकघरामागची खोली माझ्या सरावासाठी ध्वनिरोधक करताना त्यांनी तिची खिडकी विटांनी बुजवून घेतली. ती भिंत फोडून खिडकी पुन्हा बसवावी. त्या खोलीत मी रोजचे सात तास काढले. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला जेवायला उठल्यावर कळायचे.

२. ठेवी धाकट्या बहिणीला. ती एका शाळेत मुलांना व्हायोलिन शिकवते आणि भाड्याच्या घरात राहते.

३. दोन्ही गज, राळेचे डबे व तारांची पेटी माझे व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना. दरवर्षी गजाला नवे केस तेच बसवत. एकदा त्यांनी व्हायोलिनची पट्टी उजेडात धरली, बोटांनी झिजलेल्या जागा पाहिल्या आणि म्हणाले, “बाई, करंगळी सुट्टीवर दिसतेय.” त्यांनी पट्टी पुसली आणि मुलीच्या लग्नाचा विषय काढला. हे मी विसरलेले नाही.

४. वडिलांचा ताल मोजणारा लाकडी मेट्रोनोम कोणालाही देऊ नये. भंगारात घालावा. वडील वाद्यवृंदात तीस वर्षे शेवटच्या रांगेत वाजवत होते. आम्हा दोघी बहिणींना त्यांनीच शिकवले. धाकटीचा हात माझ्याहून चांगला होता. हे तिघांनाही ठाऊक होते, बोलत कोणी नव्हते. पण स्टेजवर जायच्या आधी तिला उलट्या व्हायच्या. सतराव्या वर्षी एका स्पर्धेत तिचे नाव पुकारले, तेव्हा ती मागच्या दाराने निघून बस पकडून घरी आली. वडील तिला काहीच बोलले नाहीत. मला म्हणाले, “आता सगळं तुझ्यावर आहे.” त्या वाक्यातून मी अजून सुटलेले नाही.

५. आता मुख्य गोष्ट. ती मिळकत नाही, पण माझ्याकडे असलेली सगळ्यात जड वस्तू तीच आहे.

बेचाळिसाव्या वर्षी मी नाव कमावले होते आणि विनासाथीच्या सहा रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा करार झाला होता. पती ध्वनिमुद्रक. त्यांनी एका बंद शाळेचे सभागृह चार दिवसांसाठी घेतले. मी, ते, आणि स्वरलिपीची पाने उलटायला धाकटी. चौथे कोणी नाही.

पहिल्याच सकाळी माझी डाव्या हाताची करंगळी तारेवर जाण्याऐवजी तळव्यात मिटली. सरळ केली, पुन्हा मिटली. दुखत नव्हते. नंतर डॉक्टरांनी सांगितले की बोट धड आहे, त्याला जाणारा हुकूमच चुकतो आहे, आणि यावर खात्रीचा उपाय नाही. दुपारपर्यंत मी रडकुंडीला आले. पतीने हेडफोन काढून ठेवले आणि धाकटीकडे पाहिले.

“तुला येतात ना सगळ्या?”

“येतात. पण भावजी…”

“इथे कोण आहे ऐकायला? घरातलं घरात राहील.”

ती माझ्याकडे बघत होती. मी व्हायोलिन तिच्या हातात दिले. हे मी दिले, कोणी हिसकावले नाही, याची नोंद असावी.

रिकाम्या सभागृहात ती तीन दिवस वाजवत होती. उलटी झाली नाही. मी पाने उलटत होते. इतके चांगले वादन मी आयुष्यात जवळून ऐकलेले नाही आणि त्या तीन दिवसांत मला तिचा जितका राग आला, तितका कधी कोणाचा आला नाही. मुखपृष्ठावर माझे नाव आणि माझा फोटो आला.

ते ध्वनिमुद्रण गाजले, आणि मी अडकले. जिथून बोलावणे येई, तिथे त्याच सहा रचना हव्या असत. मी खिडकी नसलेल्या त्या खोलीत बसून प्रत्येक ओळ तीन बोटांत बसवली. एकोणीस वर्षे तशीच वाजवली. दोनदा पतीला म्हटले, “सांगून टाकू या.” ते म्हणाले, “सांग. मग माझ्याकडे काम घेऊन कोण येईल? आणि धाकटीला फसवणुकीत ओढायचंय का?” तिचे नाव काढले की माझे तोंड बंद होते, हे त्यांना माहीत आहे. ते वाईट नाहीत. माझ्या औषधांच्या वेळा तेच सांभाळतात.

६. “ध्वनिमुद्रणातली जादू प्रत्यक्षात दिसत नाही,” असे दरवर्षी लिहिणाऱ्या समीक्षकांना माझ्याकडून काही नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. फक्त त्यांना कधी कोणी खरे सांगितले नाही.

७. व्हायोलिन धाकटीला. त्या ध्वनिमुद्रणाचे पुढचे सर्व मानधनही तिला. मूळ फिती बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. तिने मधेच थांबून “ताई, ही ओळ पुन्हा घेऊ?” असे विचारलेले त्यांत ऐकू येते. तो पुरावा पुरेसा व्हावा. कंपनीने मुखपृष्ठावरचे माझे नाव काढून तिचे घालावे. कलमाच्या शेवटी मी लिहिले होते: ‘या सहा रचना माझ्या जागी माझ्या बहिणीने वाजवल्या आहेत.’

काल तिला बोलावून हे सगळे वाचून दाखवले. पती कामाला गेले होते. मला वाटले, ती नको म्हणेल, रडेल, निदान घाबरेल. ती बराच वेळ खुर्चीच्या हातावरचे दोरे उपटत बसली.

“लोक मला वाजवायला बोलावतील गं.”

“तू नाही म्हण. तुला कोण अडवणार?”

“आणि तू? शुक्रवारी कार्यक्रम आहे ना तुझा?”

“आहे. त्याच सहा.”

“वाजवणार?”

“वाजवते. दुसरं काय करू?”

तिने कागद स्वतःकडे ओढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाली, “एवढं काढ. मी तुझ्या जागी नाही वाजवलं, ताई. मी वाजवलं.”

सबब कलम सातच्या शेवटच्या वाक्यातील ‘माझ्या जागी’ हे दोन शब्द मी स्वतः खोडले असून शेजारी सही केली आहे. बाकी मजकुरात खाडाखोड नाही. आधी कुठे काही लिहून ठेवले असेल, तर ते रद्द समजावे.

स्थळ: राहते घर, सरावाची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

लिहून ठेवणार: (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई (सही)