मापापेक्षा सैल

८ जानेवारी

चि. सौ. टाचणीस,
अप्पाचे अ. आ.

पत्र पोचलं. फोनवर माझे कान दगा देतात म्हणून तू कागदावर बोलतेस, ते बरंच आहे. कागद पुन्हा पुन्हा ऐकता येतो.

चौथा महिना लागला, वजन वाढू लागलं, म्हणून हिरमुसलीस? अगं, तू इतकी बारीक होतीस की मशीनच्या खणात ठेवली तर हरवेल, असं म्हणून तुझ्या आईने तुला टाचणी केलं. आता टाचणीची सुई झाली, सुईचा दाभण झाला, तर काय बिघडलं? आज ती असती तर तुला जवळ घेऊन हेच म्हणाली असती, आणि वर मला दोन टोमणे मारले असते.

दोन झगे पाठवतो आहे. माप विचारलं नाही. वाढलेलं माप मी कधी मोठ्याने उच्चारलेलं आठवतं तुला? टेप गळ्यात आणि आकडा पोटात, हा आपल्या दुकानाचा नियम. गिऱ्हाईक आरशात बघून खूश व्हायचं आणि मी आतल्या आत कापड सोडायचो.

शिवताना शाळेतल्या कविता म्हटल्या. भुजंगप्रयात लागला की पायडल आपोआप पडतं. गुरुजी गेले, वर्गाची कौलं गेली, चाल तेवढी पायात राहिली.

डॉक्टरीणबाई सांगतील तेवढं चाल, सांगतील तेवढंच खा. लोभाचा टाका घट्ट असू दे.

तुझा अप्पा


२६ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

झगे अगदी बसले. पण तुम्ही जिन्यावरून घसरलात हे मला आठवड्याने कळवता? पाय प्लास्टरमध्ये असेपर्यंत मशीनला हात लावू नका. पायही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढायलाच हवं, पण हे जरा भरभर चाललंय. दोघांचं खायचं नसतं, दोघांचा विचार करून खायचं असतं. गोड बिस्किटं बंद, संध्याकाळी चालायचं. त्या रागावल्या नाहीत हो. पण वजनकाटा बाहेर बोळात ठेवलाय आणि तिथली नर्स आकडा असा ओरडते की बाकावरच्या सगळ्या माना वळतात. तुमच्या दुकानात असं झालं नसतं.

ग्रंथालयात दोन कपाटांमधल्या फटीतून मी आता आडवी होऊन जाते. परवा अडकले, तर सोबतची म्हणाली की पुस्तकं हलवावी लागणार. सगळ्या हसल्या. मीही हसले. टाचणी हे नाव कुणाला सांगू नका आता.

बाळासाठी पाठवलेलं झबलं मिळालं. किती गोड आहे! लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
माजी टाचणी


२० मार्च

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सहावा सरत आलाय. एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहिते. या आठवड्यात वजन एकदम चढलं. घरच्या काट्यावर पाहिलं. मी तर रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलंय! अंगठी निघत नाही, चपलेचा पट्टा लागत नाही, सकाळी आरशात भलतीच बाई दिसते. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे येतात. उपाशीपणाचं असेल.

तपासणीला गेले नाही. पुन्हा तो बोळ, तो आकडा, नकोच. दोन किलो उतरवते आणि मगच जाते. ह्यांना सांगितलंय की तारीख पुढे गेली. तुम्ही बोलू नका.

तुमचा झगा मात्र अजून सैल होतो. म्हणजे फार नसणार.

लोभ वाढवा, माझं वजन नको.

तुमची टाचणी


२४ मार्च

चि. टाचणी,

असशील तशी दवाखान्यात जा. वाटेत हवी तर रड. तुझं पत्र खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही चरबी नव्हे, सूज आहे, रक्तदाब आजच्या आज बघायला हवा.

झग्यावर विश्वास ठेवू नकोस. तुला कधीच घट्ट लागू नये म्हणून मी तो चार बोटं जास्त कापला होता.

डॉक्टर माझ्यासाठी जावईबापूंना फोन लावताहेत.

लागला. तुला पहाटेच नेलंय म्हणे. मग हे मी कुणाला लिहितो आहे? तरी टाकतो.

अप्पा


१४ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे, घरी आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही इथेच चष्मा काढून ठेवाल.

मुलगी होती. मला वाचवायला तिला फार लवकर बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती.

डॉक्टरीणबाई माझ्या पलंगावर येऊन बसल्या. म्हणाल्या, हे खाण्यामुळे झालं नाही आणि उपाशी राहून टळलंही नसतं. वेळेवर कळलं असतं तर औषध देऊन, नजर ठेवून तिला आणखी थोडे दिवस पोटात ठेवता आलं असतं, कदाचित. त्या कदाचितवर मी रोज रात्री डोकं टेकते.

झबलं ह्यांनी पिशवीत नेलं होतं. तुम्ही नेहमीसारखंच सैल शिवलेलं. नर्सने बाह्या दोनदा दुमडल्या, तरी बोटं आतच राहिली. तीच नर्स, अप्पा, आकडा ओरडणारी. पोरीचं वजन मात्र तिने वाकून, माझ्या कानात सांगितलं.

आता तुमचे झगे अंगावर लोंबतात. एक मागते. यापुढे मला खरं माप सांगत जा.

तुमची टाचणी


१९ एप्रिल

चि. टाचणीस,
अप्पाचे अ. आ.

काल प्लास्टर काढलं. उद्याच्या गाडीने निघतो. मशीनवर बसून पाहिलं. कविता सगळी आठवली, पाय हलला नाही.

झगे उसवू नकोस, मी आल्यावर बघू. टेप आणतो आहे. तुला खिडकीपाशी उजेडात उभी करीन, माप घेईन आणि असेल तो आकडा मोठ्याने म्हणेन. तू तो माझ्यामागून म्हण, वर्गात म्हणायचो तसा.

आणि पोरीचं वजन तू मला लिहिलं नाहीस. कागदावर नकोच. मी आलो की सांग. नर्सने सांगितलं तसं कानाशीच सांग, फक्त थोडं मोठ्याने. मला ते नीट ऐकायचं आहे.

लोभ उसवू देऊ नकोस.

तुझा अप्पा